कर्जाच्या तडजोडीचा माझा अनुभव

(मंडळाच्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाच्या दिवशी केलेले भाषण)



मला भाषणाची सवय नाही. माझे शिक्षण सातवीपर्यंत. मंडळात माझे काम म्हणजे सतरंज्या घालणे आणि फराळाची मापे काढणे. पण आपल्या चिटणीसबाई म्हणाल्या, "तुमच्या घरावर जो प्रसंग आला तो आपल्या भागातल्या आणखी चार घरांवर आला आहे. बायका लाजेने बोलत नाहीत. तुम्ही बोललात तर त्यांना धीर येईल." मी घरी ह्यांना विचारले. हे थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "कंपनीचे नाव घेऊ नकोस, वकिलांचे घेऊ नकोस. बाकी काय झाले ते खरे खरे सांग." तेव्हा आज मी आपल्यापुढे उभी आहे. चुकले तर सांभाळून घ्या.

आमचा मंडप-बिछायतीचा धंदा आपल्याला ठाऊक आहे. आपल्यापैकी पुष्कळजणींच्या घरच्या कार्याला आमच्याच खुर्च्या आणि पातेली आली आहेत. २०१९ च्या ऑक्टोबरात ह्यांनी एका खाजगी वित्त कंपनीकडून चार लाखांचे कर्ज काढले. नव्या कनाती, स्टेजचे सामान आणि दोनशे खुर्च्या घेतल्या. महिन्याचा हप्ता १४,४६१ रुपये, एकूण ३६ हप्ते. कागद घरी आले तेव्हा मी पोळ्या करीत होते. हे म्हणाले, "इथे आणि इथे सही कर." मी पीठ पुसून सह्या केल्या. आपण सहकर्जदार झालो हे मला त्या वेळी कळले नाही. ह्यांनी सही केलेले दोन कोरे चेकही कंपनीने ठेवून घेतले. माझी पहिली चूक ती, न वाचता सही करण्याची.

पाच हप्ते वेळेवर गेले. मग २०२० चा मार्च आला. ऐन लगीनसराईत सगळे बंद. अक्षय्य तृतीयेची ठरलेली सात कार्ये रद्द झाली, आणि ज्यांनी विसार दिला होता त्यांना तो परत करावा लागला. पुढे दीड-दोन वर्षे कधी पाच हजार, कधी तीन हजार, असे तुटक तुटक भरले. ते सगळे मिळून ६१ हजार. आधीचे पाच हप्ते धरले तर १ लाख ३३ हजार. हे मात्र मी तारीखवार लिहून ठेवले होते. आमच्या सासूबाईंची शिस्तच तशी. दूध, किराणा, मजुरांची हजेरी, टेम्पोचे भाडे, सगळे वहीत. त्या वहीने पुढे आमची लाज राखली, म्हणून आताच सांगून ठेवते.

२०२२ च्या आषाढात पोस्टमन रजिस्टर घेऊन आला. वकिलांची नोटीस. सासूबाई म्हणाल्या, "घेऊच नका, परत पाठवा." आपल्याकडे हीच समजूत आहे. पण रजिस्टर नाकारले म्हणून नोटीस टळत नाही. पत्ता बरोबर असेल तर ती पोचली असेच कोर्ट धरू शकते. मी सही करून ती घेतली.

नोटिशीत लिहिले होते की ह्यांचा ५ लाख १२ हजारांचा चेक बँकेतून न वटता परत आला आहे. पंधरा दिवसांत रक्कम भरा, नाहीतर फौजदारी करू. कोऱ्या चेकवर आकडा भरून त्यांनी तो बँकेत टाकला होता. त्याच आठवड्यात वसुलीवाल्यांचे फोन सुरू झाले. पहाटे सहाला एक, रात्री दहाला एक. एकजण मला म्हणाला, "बाई, घरातली भांडीकुंडी आणि गळ्यातले उचलून नेऊ." त्या रात्री आमच्या घरात कोणी जेवले नाही. धाकटी बारावीला होती. ती म्हणाली, "मी कॉलेज सोडते, कुठेतरी कामाला लागते." ते ऐकून ह्यांच्या डोळ्यांत पाणी आले. लग्नाला इतकी वर्षे झाली, मी ते कधी पाहिले नव्हते.

दुसऱ्या दिवशी मी आपल्या मंडळात आले होते. कोपऱ्यात बसून वाती वळत होते. एका वडीलधाऱ्या बाईंनी विचारले, "आज गप्प का?" मी सांगून टाकले. त्या म्हणाल्या, "कोर्टाच्या आवारात तालुका विधी सेवा समितीचे कार्यालय आहे. तिथे बाईमाणसाला वकील फुकट मिळतो. उद्याच जा." मला खरे वाटले नाही. पण ते खरे आहे. १९८७ च्या विधी सेवा कायद्याप्रमाणे स्त्रीला, तिचे उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. १५१०० या फोनवरही विचारता येते. कर्जाच्या कागदावर माझी सही होती. ज्या सहीने मी अडकले होते तिच्याच जोरावर मी तिथे अर्ज केला.

तिथे आम्हाला एक तरुण वकीलबाई मिळाल्या. त्यांनी आधी माझी भीती काढली. पैशाच्या दाव्यातही कोर्टाच्या हुकमाशिवाय कोणी घरात शिरून काही उचलू शकत नाही. आणि हुकूम झाला तरी अंगावरचे जरुरीचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण आणि धर्माच्या चालीने बाईला काढता येत नाही असा दागिना, म्हणजे आपले मंगळसूत्र, यांवर जप्ती येत नाही. पैशाच्या हुकूमनाम्यासाठी बाईला दिवाणी तुरुंगात घालता येत नाही. हे सगळे दिवाणी कायद्यातच लिहिलेले आहे. वसुलीवाल्यांनी सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर फोन करू नये, धाकदपटशा करू नये, असे रिझर्व्ह बँकेने २०२२ च्या ऑगस्टमध्ये पुन्हा बजावले. आमच्या वकीलबाईंनी एक पत्र पाठवले आणि ते अवेळचे फोन थांबले.

पण त्यांनी दुसरी बाजूही लपवली नाही. म्हणाल्या, "ताई, कर्ज खरे आहे ना? मग ते द्यावे लागेल. चेकची बाब फौजदारी आहे. तिच्यात दोन वर्षांपर्यंत कैद किंवा चेकच्या दुपटीपर्यंत दंड होऊ शकतो. तेव्हा नोटिशीला पंधरा दिवसांच्या आत उत्तर द्यायचे आणि तडजोडीला बसायचे." उत्तरात त्यांनी लिहिले की आमचे सर्व हक्क राखून, तडजोडीपुरते, आम्ही बोलणी करायला तयार आहोत, आणि कंपनीने खात्याचा उतारा द्यावा.

उतारा आला. मैत्रिणींनो, नुसत्या एकूण आकड्याकडे पाहिले की छाती दडपते. त्याचे तुकडे केले की तो कळतो. ५ लाख १२ हजारांत मुद्दल होते ३ लाख ५६ हजार, व्याज ६७ हजार, दंडव्याज आणि चेक परत आल्याचे आकार ६४ हजार, आणि वसुलीचा खर्च २५ हजार. किराणा दुकानाची यादी आपण जशी एकेक कलम बोट ठेवून पाहतो तसे मी पाहिले. माझ्या वहीतले दोन भरणे उताऱ्यात नव्हते. त्यांच्या पावत्या मी काढून दाखवल्या, आणि कंपनीने उतारा दुरुस्त करून दिला. आता सांगितलेले आकडे त्या दुरुस्तीनंतरचे आहेत.

मग पहिली भेट ठरली. कंपनीच्या वकिलांच्या कचेरीत आम्ही दोघे आणि आमच्या वकीलबाई गेलो. मी मनात धरले होते की समोर कोणी राक्षस बसला असेल. तसे काही नव्हते. पन्नाशीचे, चष्मा लावलेले गृहस्थ. त्यांनी पाणी दिले. ह्यांनी धंदा कसा बसला ते सांगायला सुरुवात केली, सांगता सांगता गळा दाटून आला. वकीलसाहेबांनी ऐकून घेतले आणि म्हणाले, "मला वाईट वाटते. पण मी कंपनीचा वकील. माझ्या अशिलाला मी काय सांगू? त्यांना वाईट वाटण्याचा आकडा भरता येत नाही."

मला प्रथम राग आला. घरी येऊन विचार केला तेव्हा वाटले, माणूस बरोबर बोलला. त्याला आपली दया येऊन उपयोग नाही. निर्णय त्याच्या हातात नाही, कंपनीच्या हातात आहे. कंपनीला पटेल असे काही आपण त्याच्या हाती दिले पाहिजे. ते काय, तर आपला खरा हिशेब. रडण्याने तो हिशेब त्याला कळणार नव्हता.

त्या रात्री मी वही घेऊन बसले. मागच्या बारा महिन्यांची जमा आणि खर्च काढला. मजुरी, भाडे वजा जाता लगीनसराईचे आणि कार्याचे आठ महिने सरासरी ३८ हजार सुटत होते. चातुर्मासात लग्ने नाहीत. गणपती-नवरात्राचे मांडव आणि बारशी धरून ते चार महिने २० हजारांवर येत होते. घरखर्च, सासूबाईंची औषधे आणि मुलीची फी धरून महिन्याला २१ हजार. म्हणजे वर्षाची जमा ३ लाख ८४ हजार, खर्च २ लाख ५२ हजार, उरणार १ लाख ३२ हजार. हे सगळे मी एका फुलस्केप कागदावर सुवाच्य अक्षरात उतरवले. त्याची दुसरी प्रतही केली.

एकरकमी काही दिल्याशिवाय कंपनी ऐकणार नाही असे वकीलबाई म्हणाल्या होत्या. माझ्याकडे माहेरच्या दोन तोळ्यांच्या पाटल्या होत्या. हे म्हणाले, "त्या मी मागणार नाही." मी म्हटले, "तुम्ही मागत नाही, मी देते आहे." त्या पाटल्या आणि जुन्या शंभर खुर्च्या विकून एक लाख उभे राहिले. प्रत्येकीने दागिने मोडावे असे माझे मुळीच सांगणे नाही. स्त्रीधन आपले आहे, द्यायचे की नाही हे आपण ठरवायचे. मला त्या रात्री कपाटातल्या पाटल्यांपेक्षा मुलीचे कॉलेज मोठे वाटले, इतकेच.

दुसऱ्या भेटीत मी तो कागद पुढे ठेवला. वकीलसाहेबांनी तो दोनदा वाचला. मग बोलणी सुरू झाली. दंडव्याज आणि वसुलीचा खर्च सोडायला ते लवकर तयार झाले. आकडा ४ लाख २३ हजारांवर आला. आम्ही तीन लाख म्हटले. फोन झाले, मध्ये आठवडा गेला. शेवटी ३ लाख ४० हजारांवर कंपनी आली. आधी भरलेले १ लाख ३३ हजार धरले तर चार लाखांच्या कर्जापोटी कंपनीला ४ लाख ७३ हजार मिळत होते. कोर्टात वर्षानुवर्षे थांबण्यापेक्षा त्यांनाही ते परवडत होते. लाखभर रुपये आधी द्यायचे, राहिले २ लाख ४० हजार.

आता खरी कसोटी आली. वकीलसाहेब म्हणाले, "महिना १५ हजार, सोळा महिने. आज हो म्हणा, आजच मसुदा करू." ह्यांना इतके हलके वाटले की हे "हो" म्हणणारच होते. पुरुषमाणसाला चारचौघांत "माझ्याच्याने होणार नाही" म्हणणे फार जड जाते. मी मध्येच म्हटले, "नाही जमणार." ह्यांनी माझ्याकडे चमकून पाहिले. मला दरदरून घाम फुटला होता. पण मी कागदावर बोट ठेवले. "साहेब, पंधरा हजारांनी वर्षाचे १ लाख ८० हजार होतात. आमचे उरतात १ लाख ३२ हजार. आज मी हो म्हणेन आणि श्रावणात हप्ता चुकवीन. मग तुम्ही पुन्हा नोटीस पाठवणार. त्यापेक्षा आठ महिने साडेबारा हजार घ्या आणि चातुर्मासाचे चार महिने पाच-पाच हजार घ्या. वर्षाचे १ लाख २० हजार होतात. दोन वर्षांत तुमचे २ लाख ४० हजार पुरे."

वकीलसाहेबांनी पेन्सिलीने बेरीज करून पाहिली. म्हणाले, "ताई, चातुर्मास धरून हप्ते मागणारी माणसे मला पहिल्यांदाच भेटली. पण हे मी कंपनीला समजावून सांगू शकतो." आणि त्यांनी समजावले.

घरी येताना हे रिक्षात काही बोलले नाहीत. मला वाटले, रागावले. जेवताना म्हणाले, "तू नाही म्हणालीस ते बरे केलेस. मी आज पुन्हा एक खोटा शब्द देऊन बसलो असतो."

तोपर्यंत कंपनीने कोर्टात फिर्याद दाखल केलीच होती. नोव्हेंबरातल्या लोकअदालतीत ते प्रकरण ठेवले. तिथे वेगळी फी नाही. समोर न्यायाधीश आणि पॅनेल बसते, दोन्ही बाजूंना विचारतात आणि तडजोड लिहून सह्या घेतात. एक लक्षात ठेवा. लोकअदालतीचा निवाडा दिवाणी कोर्टाच्या हुकूमनाम्यासारखाच असतो आणि त्यावर अपील नाही. म्हणजे तिथे कबूल केलेला हप्ता चुकला तर त्याच कागदावर वसुली सुरू होऊ शकते. म्हणून झेपेल तेवढेच कबूल करायचे. सही करण्यापूर्वी मी तो मसुदा ओळीवर बोट ठेवून वाचला. वाचायला वीस मिनिटे लागली. कोणी घाई केली नाही. पीठ लागलेल्या हातांनी केलेल्या त्या सह्या मला आठवत होत्या.

मसुद्यात आम्ही चार गोष्टी घालून घेतल्या होत्या. एकूण रक्कम आणि प्रत्येक हप्त्याची तारीख. पैसे फक्त कंपनीच्या खात्यात भरायचे, कोणाच्या हातात रोख नाही. शेवटच्या हप्त्यानंतर दोन्ही चेक परत आणि येणे नसल्याचा दाखला. एखादा हप्ता चुकल्यास पंधरा दिवसांची मुदत.

ती मुदत कामाला आली, ती कशी तेही सांगते. २०२३ साली अधिक श्रावण आला आणि चातुर्मास पाच महिन्यांचा झाला! घरात पंचांग टांगलेले, आणि मी चार महिनेच धरून बसले होते. नोव्हेंबरात साडेबारा हजारांचा हप्ता, आणि तुळशीचे लग्न चोवीस तारखेला. त्यापुढे मुहूर्त. तेव्हा आपल्याच मंडळातल्या बहिणींनी मला दिवाळीच्या चकल्या-अनारशांच्या मागण्या मिळवून दिल्या. हप्ता नऊ दिवस उशिरा गेला, पण मुदतीत गेला. त्याबद्दल आज सर्वांसमोर आभार मानते.

२०२४ च्या नोव्हेंबरात शेवटचा हप्ता भरला. तेवढ्यावर निजायचे नसते. दाखल्यासाठी मी तीन अर्ज दिले, आणि २०२५ च्या संक्रांतीच्या सुमाराला दाखला आणि दोन्ही चेक हातात आले. त्यातही एक उणे आहे. सूट घेऊन कर्ज मिटवले की पत-अहवालात, ज्याला सगळे सिबिल म्हणतात त्यात, पूर्ण फेड अशी नोंद न होता तडजोड अशी होते. त्यामुळे आम्हाला टेम्पोसाठी कर्ज मिळाले नाही. ज्याला पूर्ण फेडणे शक्य आहे त्याने पूर्णच फेडावे. तडजोड ही अडलेल्याची वाट आहे.

आपल्या मंडळाच्या वाचनालयातल्या एका पुस्तकात मी वाचले, की १२ मे १८७५ रोजी आपल्याच पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांवर उठाव केला आणि कर्जरोखे काढून जाळले. त्यानंतर सरकारने १८७९ साली जो कायदा केला त्यात शेतकऱ्याला भरण्याची पावती आणि वर्षाचा हिशेब मागण्याचा हक्क मिळाला. वाचताना माझ्या अंगावर काटा आला. त्या बिचाऱ्यांना लिहिता-वाचता येत नव्हते. आपल्यावरचा कागद जाळण्यापलीकडे त्यांच्या हातात काही नव्हते. आपल्याला वाचता येते. मग आपण तो कागद वाचायला का घाबरावे?

म्हणून माझे मागणे एवढेच. आपल्या घरी असा कागद आला तर तो डब्याखाली दडवू नका. तारीख पाहा, विधी सेवा समितीत जा, उतारा मागा, आणि आपली वही काढा. वही नसेल तर आजपासून घाला. समोरच्या वकिलाशी नम्रतेने बोला, पण झेपणार नाही त्याला "नाही" म्हणा. लिहून मिळेपर्यंत एक रुपयाही देऊ नका. आणि घरातल्या पुरुषाला एकट्याला तो भार वाहू देऊ नका.

धाकटी आता शेवटच्या वर्षाला आहे. परवा तिने कुठल्याशा शिष्यवृत्तीचा अर्ज माझ्यापुढे सहीला ठेवला. मी म्हटले, "थांब, आधी चष्मा आण."

  तिळगूळ घ्या, गोड बोला.